विश्लेषण : घाटात गिअर बदलताना गाडी धक्का का खाते? क्लच आणि ‘रेस’चे गणित काय?

पावसाळ्यातील शनिवारची सकाळ. ताम्हिणी किंवा बोरघाटात गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी चढत असते. पुढची गाडी थांबते, हलते, किंचित मागे येते, पुन्हा थांबते. काच खाली केली की नाकात बसणारा जळका वास येतो. तो बहुतेकदा क्लच प्लेटचा असतो. समोरून घाट उतरणाऱ्या गाडीत वेगळाच प्रकार सुरू असतो. चालक तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि गाडी अशी हिसका देते की मागे बसलेले प्रवासी पुढच्या सीटवर आदळतात.

वास आणि हिसका या दोन्हींचे मूळ एकच आहे. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींना जोडण्याची ही अडचण आहे. ती नीट हाताळता आली तर क्लच जास्त वर्षे टिकतो, प्रवास सुखाचा होतो आणि उतरणीवर ब्रेक शाबूत राहतात. त्यासाठी महागडी गाडी लागत नाही. पायाखाली काय घडते आहे, एवढे समजले की पुरे.

क्लच नेमके काय करतो?

गाडी सिग्नलला उभी असते तेव्हाही इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असते. चाके मात्र स्थिर असतात. इंजिन थेट चाकांना जोडलेले असते, तर गाडी थांबताच इंजिनही बंद पडले असते. म्हणून दोघांमध्ये क्लच असतो.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती फिरत असते. तिच्यासमोर गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक लायनिंगसारखे खरखरीत अस्तर असते. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय पेडलवर नसतो तेव्हा तिन्ही एकजीव होऊन फिरतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगचा दाब सुटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगळे होतात.

‘क्लच दाबला’ म्हणजे जोडणी सुटली आणि ‘क्लच सोडला’ म्हणजे जोडणी झाली, हे नव्या चालकाला सुरुवातीला उलटे वाटते. या दोन टोकांच्या मध्ये एक छोटा पट्टा असतो. तिथे प्लेट घसरत घसरत पकड घेते. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात तो हाच. गाडी जागेवरून हलवायला तो लागतोच. पण प्लेटची सगळी झीजही याच पट्ट्यात होते.

‘हाफ क्लच’वर गाडी उभी ठेवली तर काय होते?

घाटातील रांगेत अनेक जण हँडब्रेक न लावता हाफ क्लच आणि थोडी रेस यांच्यावर गाडी तोलून धरतात. ते कौशल्याचे वाटते. पण त्या वेळी गाडी जागची हलत नसते, म्हणजे इंजिनाने क्लचला दिलेल्या शक्तीतून चाकांपर्यंत कामाचे काहीच पोहोचत नसते. ती सगळी क्लच प्लेटवर उष्णता होऊन बसते.

ढोबळ हिशेब करू. माणसांसह १,२०० किलो वजनाची हॅचबॅक दहास एक अशा चढावर उभी आहे. ती मागे येऊ नये म्हणून सुमारे १२० किलो वजन उचलण्याइतका जोर चाकांवर लागतो. पहिल्या गिअरमध्ये आणि दीड हजार आरपीएमवर हा जोर क्लचमधून जात असेल, तर प्लेटवर सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले दोन गिझर एकाच वेळी सुरू केल्यासारखे हे झाले, आणि तेही जेवणाच्या ताटापेक्षा लहान चकतीवर. मिनिटभरात वास येणारच.

अशी तापलेली प्लेट काचेसारखी गुळगुळीत होते आणि पकड सोडू लागते. मेकॅनिक त्याला ‘क्लच स्लिप होतो’ म्हणतात. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलावा लागतो. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीही मोठी असते.

मग गिअर बदलताना हिसका का बसतो?

प्रत्येक गिअरमध्ये इंजिन आणि चाके यांच्या फेऱ्यांचे प्रमाण ठरलेले असते. गिअर जितका खालचा, तितके त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात.

उदाहरणादाखल, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३ आणि दुसऱ्याचे १.९ आहे असे धरा. लहान गाड्यांत प्रमाण साधारण याच्या आसपास असते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाला इंजिन २,००० आरपीएमवर असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते सुमारे २,९०० आरपीएमवर हवे.

आता चालक काय करतो ते पाहा. तो क्लच दाबतो आणि उजवा पाय रेसवरून काढतो. गिअर बदलेपर्यंत इंजिन २,००० वरून खाली, हजाराच्या दिशेने घसरते. दुसरा गिअर पडतो. क्लच सुटतो तेव्हा एका बाजूला हजार-बाराशेवर आलेले इंजिन असते आणि दुसऱ्या बाजूला २,९०० फेऱ्यांनी फिरणारी क्लच प्लेट. इंजिनाला क्षणात वर खेचायचे काम चाकांना करावे लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातून जाते. गाडी एकदम अडखळते, नाक खाली वाकते, प्रवासी पुढे झुकतात. हाच तो हिसका.

क्लच अगदी हळू सोडला तर हिसका जाणवत नाही, हे खरे. पण तेव्हा तोच फरक प्लेट घासून भरून काढते. एकतर प्रवाशांना धक्का किंवा प्लेटची झीज, अशी ती निवड असते.

‘रेव्ह मॅचिंग’ म्हणजे काय?

धावती एसटी पकडणारा सराईत माणूस आठवा. तो उभ्या उभ्या दांडी धरत नाही. आधी दोन-चार पावले गाडीच्या वेगाने धावतो आणि मग दांडी धरतो. त्यामुळे हाताला हिसका बसत नाही. इंजिनालाही हेच करायला लावणे म्हणजे रेव्ह मॅचिंग. खालचा गिअर टाकताना क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने हलकी रेस द्यायची. इंजिन नव्या गिअरला लागणाऱ्या फेऱ्यांच्या आसपास आले की क्लच सोडायचा. दोन्ही बाजू सारख्याच गतीने फिरत असल्याने प्लेट घसरत नाही आणि गाडीला धक्काही बसत नाही.

कृतीचा क्रम असा :

- आधी ब्रेक लावून वेग खालच्या गिअरला साजेसा करा. गिअर हा ब्रेकला पर्याय नव्हे.
- क्लच पूर्ण दाबा. अर्धवट दाबून गिअर ओढू नका.
- दांडा खालच्या गिअरकडे नेतानाच रेसला एक छोटा, नेमका टोला द्या. पेडल दाबून धरायचे नाही, दाबून सोडायचे.
- आरपीएमचा काटा वर चढत असताना किंवा माथ्यावर असताना क्लच सोडा. न रेंगाळता, पण आपटूनही नाही.

जमले की नाही हे काट्याकडे पाहून कळते. क्लच सुटल्यावर काटा वर उडाला, तर रेस कमी पडली. काटा खाली पडला आणि गाडीने पुढे उसळी घेतली, तर रेस जास्त झाली. काटा जिथल्या तिथे राहिला आणि शेजारी बसलेल्या माणसाला गिअर बदलल्याचे कळलेही नाही, तर ते बरोबर जमले. शेजारचा चहा पीत असेल, तर त्याचा कप हे सर्वात चांगले मीटर.

बहुतेक गाड्यांत एक गिअर खाली येताना इंजिनाला सध्याच्या आरपीएमच्या साधारण सव्वा ते दीडपट वर न्यावे लागते. दुसऱ्यातून पहिल्यात येताना हा फरक याहून बराच मोठा असतो. म्हणूनच चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायला दांडा कुरकुरतो. गाडी जवळपास थांबल्याशिवाय तो टाकूच नये.

गिअरबॉक्समधील ‘सिंक्रो’ हे काम करत नाही का?

अनेकांचा गोंधळ इथे होतो. आजच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश असते. प्रत्येक गिअरजवळ शंकूच्या आकाराच्या, बहुधा पितळी कड्या असतात. दांडा सरकवला की त्या आधी घर्षणाने दोन्ही भागांची गती सारखी करतात आणि मगच दाते एकमेकांत बसू देतात. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही सोय मोटारींत आणली. त्याआधी गिअर बदलताना दाते करकरत.

पण सिंक्रोची पोहोच गिअरबॉक्सपुरतीच असते. क्लच दाबलेला असताना तो गिअरबॉक्सचा दांडा आणि क्लच प्लेट यांची गती जुळवतो. क्लचच्या पलीकडचे इंजिन त्याच्या हाताबाहेर असते. गिअर न करकरता पडला याचा अर्थ सिंक्रोने आपले काम केले. क्लच सोडल्यावर हिसका बसला याचा अर्थ इंजिनाची गती जुळली नव्हती. रेव्ह मॅचिंग या दुसऱ्या भागाची काळजी घेते.

जुन्या पिढीतील ट्रक आणि बसचालकांच्या बोलण्यात ‘डबल क्लच’ हा शब्द येतो. सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्ये चालकाला दोन्ही कामे स्वतःच करावी लागत. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडून रेस द्यायची म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला दांडाही वेगात फिरे, मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. आजच्या मोटारीत त्याची गरज उरलेली नाही. सिंक्रो झिजल्यामुळे एखादा गिअर करकरत असेल, तर गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते.

वरचा गिअर टाकतानाही रेस द्यायची का?

नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कमी फेरे लागतात, त्यामुळे तिथे उलट घडावे लागते. रेस सोडल्यावर इंजिन आपोआप खाली येते आणि तेवढ्यात गिअर पडतो. घाईने क्लच सोडला तर इंजिन अजून वरच असते आणि गाडी पुढे उसळते. फार रेंगाळलात तर इंजिन गरजेपेक्षा खाली जाते आणि गाडी अडखळते.

आजच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः प्रदूषणाचे निकष सांभाळण्यासाठी, रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, क्षणभर वर रेंगाळते. गाडी नवी असूनही पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हिसका बसत असेल, तर पायाचा दोष मानण्याआधी गिअर बदलताना अर्धा क्षण जास्त थांबून पाहा. डिझेल इंजिनाचे फिरते भाग जड असल्याने ते वर चढायला आणि खाली यायलाही पेट्रोलपेक्षा वेळ घेते. एका गाडीवर बसलेला हात दुसरीवर आठवडाभर चुकतो, तो यामुळेच.

घाट उतरताना याचे महत्त्व कशामुळे?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे, तर बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली शंभर मीटरच्याही खाली. साडेपाचशे मीटर खाली येताना १,२०० किलोच्या गाडीला जी ऊर्जा सोडावी लागते, ती सुमारे २० लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी असते. त्यातील काही हवेचा आणि टायरचा विरोध खातो. उरलेली ब्रेकमध्ये किंवा इंजिनात जाते. तिसरी वाट नसते.

ती सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क आणि पॅड तापत जातात. ठरावीक तापमानापलीकडे पॅडची पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळू लागले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते, थेट खाली जाते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे तेल हवेतील ओलावा शोषते. ठरावीक प्रमाणात पाणी मिसळलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. वर्षानुवर्षे ब्रेक ऑइल न बदललेली, माणसांनी भरलेली गाडी पावसाळ्यात घाट उतरते तेव्हा हा फरक जिवावर बेतू शकतो.

म्हणून घाट इंजिनाच्या आधाराने उतरायचा असतो. रेस सोडलेली, गिअर पडलेला आणि क्लच पूर्ण मोकळा असला की चाके इंजिनाला ओढतात आणि इंजिन त्यांना रोखते. गिअर जितका खालचा, तितका हा विरोध जास्त. ‘ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुन्या चालकांचा नियम याच अनुभवातून आला आहे. उताराला लागण्याआधी, सपाटीवरच योग्य गिअर टाकून घ्यावा. मग ब्रेक दाबून धरावा लागत नाही. वेग वाढला की नीट दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. मधल्या वेळात डिस्कला हवा लागते आणि ती थंड होते.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते, हे खरे का?

कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. इंजिनाचे फेरे वाढले की ते पेट्रोल ओढत असे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चित्र उलटे आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली आणि इंजिन पुरेशा आरपीएमवर असले, तर संगणक इंधन पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांमुळे फुकट फिरत राहते. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या जिवावर सुरू राहावे लागते आणि त्यासाठी इंधन लागते. लहान पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर इंधन घेते. म्हणजे २० मिनिटांचा घाट न्यूट्रलमध्ये उतरला तर साधारण पाव लिटर पेट्रोल जाते आणि गिअरमध्ये उतरला तर जवळपास काहीच नाही. शिवाय इंजिनाचा आधार सुटल्याने सगळा भार ब्रेकवर पडतो.

इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या पोकळीवर किंवा पंपावर चालतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. स्टिअरिंग जड होते. किल्ली निघाली तर ते लॉकही होऊ शकते.

क्लच दाबून ठेवून उतरणे हेही न्यूट्रलच. वळण आले की सवयीने डावा पाय क्लचवर जाणारे चालक नेमक्या गरजेच्या क्षणी गाडी मोकळी सोडत असतात.

उतारावर मधेच गिअर कमी करावा लागला तर?

उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला असताना रेस कशी द्यायची, हा रास्त प्रश्न आहे. शर्यतीतील चालक उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून टाचेने किंवा पायाच्या कडेने रेस देतात. त्याला ‘हील अँड टो’ म्हणतात. ते कसब शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक. गर्दीच्या घाटात पाय ब्रेकवरून निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

तिथे साधा मार्ग धरावा. आधी ब्रेकने वेग पुरेसा उतरवा. क्लच दाबा, गिअर टाका आणि पाय ब्रेकवरच ठेवून क्लच सावकाश, पकडीच्या पट्ट्यात किंचित थांबून सोडा. इथे प्लेट थोडी घासेल, पण वेग आधीच कमी केल्यामुळे भरून काढायचा फरकही लहान असतो. हे सगळे झटपट उरकावे. क्लच दाबलेला असेपर्यंत गाडीला इंजिनाचा आधार नसतो आणि उतारामुळे वेग वाढत राहतो.

ओल्या रस्त्यावर धोका वाढतो तो कसा?

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल, धूळ आणि पाणी मिळून निसरडा थर तयार होतो. अशा वेळी खालचा गिअर टाकून क्लच आपटून सोडला, तर चाकांवर अचानक रोध येतो. परिणाम क्षणभर हँडब्रेक ओढल्यासारखा असतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत स्टिअरिंग काही क्षण ऐकत नाही. मागची चाके ढकलणाऱ्या जीप-पिकअपसारख्या वाहनांत मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जाऊ शकतो.

एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ही यंत्रणा ब्रेकचा दाब कमी-जास्त करते. इथे चाक ब्रेकने नव्हे, इंजिनाने अडवलेले असते. म्हणून पावसाळ्यात गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर बदलावा आणि वळणात क्लच मोकळा ठेवावा. धक्का न देता गिअर बदलण्याचा खरा फायदा इथे मिळतो.

चढावर थांबलेली गाडी मागे न येता कशी काढायची?

वाहन परवान्याच्या चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १५व्या नियमात जी कौशल्ये दिली आहेत, त्यात हे एक आहे. चढावर थांबून, हँडब्रेक, रेस आणि ब्रेक नीट वापरून, मागे न सरकता पुन्हा निघता आले पाहिजे. परवाना मिळाला की हँडब्रेक विसरला जातो तो कायमचा.

पद्धत सोपी आहे. थांबल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि दोन्ही पायांना विश्रांती द्या. निघताना पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या आणि गाडीचे नाक किंचित उचलले जाईपर्यंत क्लच सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला की पकड आली. आता हँडब्रेक सोडा. गाडी पुढेच जाईल. हाफ क्लचचा वापर दोन-तीन सेकंदांचा होतो, मिनिटांचा नाही. हिल होल्ड असिस्ट असलेल्या गाड्यांत ब्रेक सोडल्यावरही यंत्रणा साधारण दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवते. लांब रांगेत मात्र हँडब्रेकला पर्याय नाही.

रांग सरकत असेल तर समोर गाडीभर अंतर पडू द्या आणि मग एकदाच पुढे जा. प्रत्येक हातभर जागेसाठी क्लच खर्च करू नका. मागून वाजणाऱ्या हॉर्नचे बिल हॉर्न वाजवणारा भरत नाही.

एकदम दोन-तीन गिअर खाली टाकले तर?

गाडी थांबवताना पाचव्यातून थेट तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरला यायला हरकत नाही. मात्र वेग त्या गिअरला साजेसा झालेला हवा. धोका चुकून टाकलेल्या गिअरचा असतो. वरच्या उदाहरणातील गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाला पाचव्या गिअरमध्ये २,८०० आरपीएमच्या आसपास असेल. चौथा टाकायला जाऊन दुसरा पडला आणि क्लच सुटला, तर चाके इंजिनाला ७,००० आरपीएमच्याही पुढे ओढतील. बहुतेक लहान इंजिनांची लाल रेषा त्याआधीच येते. इंधन तोडणारा लिमिटर इथे वाचवू शकत नाही, कारण इंजिनाला इंधनाने नव्हे तर चाकांनी पळवलेले असते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. दांड्याला हिसडा देऊ नका. तळहाताने हलका रोख द्या आणि त्याला आपली खाच शोधू द्या.

क्लच संपत आल्याचे कसे ओळखावे?

वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम वाढते पण वेग त्या मानाने वाढत नसेल, तर प्लेट घसरते आहे. पेडलची पकड पूर्वीपेक्षा खूप वर येत असेल, तरीही हीच शंका घ्यावी. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग दाखवून घ्या. पूर्ण दाबूनही गिअर पडायला अडत असतील, विशेषतः रिव्हर्स करकरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. केबल, क्लच ऑइल किंवा सिलिंडर तपासावा.

गाडी चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय या बहुतेक दुखण्यांची सुरुवात असते. पायाचे नुसते वजनही बेअरिंगवर दाब ठेवते. त्या पायासाठी डावीकडे जागा दिलेली असते, तिथेच तो ठेवावा. सिग्नलला थांबतानाही पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसण्यापेक्षा न्यूट्रल करून पाय मोकळा करावा.

ऑटोमॅटिक गाड्या आल्यावर हे शिकण्यात अर्थ आहे का?

मारुती सुझुकीने २०१४ मध्ये सेलेरिओतून एएमटी आणली आणि क्लच पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूत आयएमटी दिली. तिच्यात गिअर चालकच बदलतो, फक्त क्लचचे पेडल नसते. काही स्पोर्ट्स गाड्या मॅन्युअल असूनही खालच्या गिअरला रेस स्वतःच देतात. निस्सानच्या ३७० झेडमध्ये ही सोय २००९च्या मॉडेलपासून आहे.

पण एएमटी असो वा आयएमटी, आत क्लच प्लेट आहेच. ती पायाऐवजी यंत्र हलवते एवढाच फरक. एएमटी गाडी चढावर ब्रेक न लावता रेसवर तोलून धरली, तर तिचाही क्लच तसाच जळतो. घाट उतरताना तिलाही मॅन्युअल मोडमध्ये टाकून खालचा गिअर निवडावाच लागतो.

सराव कसा करावा?

घाटात प्रयोग करू नका. रविवारी सकाळी मोकळा, सपाट आणि सरळ रस्ता निवडा. मागे कोणी नाही याची खात्री करा. ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव करा. सुरुवातीला रेस कमी-जास्त होईल. दहा-बारा प्रयत्नांत पायाला अंदाज येऊ लागतो. काट्याकडे सतत पाहू नका, इंजिनाचा आवाज ऐका. काही दिवसांत कानच सांगू लागतो.

दर वेळी जमलेच पाहिजे असेही नाही. रेव्ह मॅचिंग चुकले तर थोडा धक्का बसेल, एवढेच. घाटातले बाकीचे नियम मात्र चुकवून चालणार नाहीत : उताराआधी गिअर, न्यूट्रल कधीच नाही, वळणात क्लच मोकळा आणि चढावर हँडब्रेक.

पुढच्या वेळी घाटाच्या माथ्यावर पोहोचाल तेव्हा उतार सुरू होण्याआधीच तिसरा किंवा दुसरा गिअर टाका. खाली पोहोचेपर्यंत ब्रेकवर किती कमी वेळा पाय गेला, ते मोजा.